दिवस कसा जातो ते कळवते

गुहागर,
श्रावण शुद्ध पंचमी

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, दिवस जातो ना गं तुमचा?" तेवढ्यात छोटी बोलायला आली आणि विषय तिथेच राहिला. पण तुझ्या आवाजातली काळजी मला ऐकू आली. म्हणून आज नागाची पूजा झाली, पातोळ्या झाल्या, बाबा जेवून पडले, आणि मी ओटीवर कागद घेऊन बसले. या गोष्टी फोनवर सांगायला लागलं की कुकरची शिट्टी होते, नाहीतर तुझी मीटिंग सुरू होते.

ताई, दिवस जातो. छान जातो. नोकरीत असताना हे घर मी सकाळचं आणि रात्रीचं तेवढं पाहिलं होतं. मधल्या वेळेला इथे काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमाराला माजघरातल्या कौलाच्या काचेतून उन्हाचा चौकोन पडतो, तो हळूहळू सरकत देवघराच्या उंबऱ्यापर्यंत जातो. इतकी वर्षं तो रोज तिथे जात असणार. आता त्याच्या शेजारी बसून मी तांदूळ निवडते.

आत्ता लिहिताना समुद्राची गाज मोठी येते आहे. घड्याळात साडेतीन झालेत, म्हणजे पावणेचारला भरती पूर्ण होईल. मला कसं कळलं, ते ऐक. मासळी घेऊन येणाऱ्या मावशी उन्हाळ्यात एकदा पाणी प्यायला बसल्या होत्या, त्यांनी हा हिशेब शिकवला. तिथी घ्यायची, तिला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. जो आकडा येईल ती भरतीची वेळ. आज पंचमी. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, मग पुन्हा भरती.

शाळेत मी फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून भरती-ओहोटी शिकवायची. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते, हे मुलांकडून पाठ करून घ्यायची. तेच ज्ञान मावशींकडे पाऊण तासाच्या पाढ्याच्या रूपात होतं, आणि ते बोटांवर मोजता येत होतं. मला किती आनंद झाला सांगू! त्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मी एकादशी-चतुर्थीसाठी कमी आणि समुद्रासाठी जास्त बघते. मिनिटाला मिनिट जुळत नाही, अर्धा तास इकडेतिकडे होतो. पण फिरायला पुळणीवर कधी जायचं ते घरात बसून ठरवता येतं. ओहोटी असली की ओली, घट्ट वाळू मिळते आणि बाबांच्या गुडघ्यांना त्रास होत नाही. भरतीला मात्र सुरूच्या झाडांखालच्या भुसभुशीत वाळूतून चालावं लागतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. आता नारळी पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला आम्ही दोघं नारळ घेऊन जाणार आहोत. खारवीवाड्यातून वाजतगाजत सोनेरी कागद लावलेला नारळ येतो, तो यंदा नीट बघायचा आहे. दरवर्षी शाळेच्या गडबडीत राहून जायचा.

बाबांचं वेगळंच चाललंय. त्यांनी पावसाचं माप केलंय. सरळ उभी, जाड प्लॅस्टिकची बाटली घेतली, मानेखाली कापली आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवला. बाटलीचा तळ खड्ड्याखड्ड्यांचा असतो, म्हणून आधी तळ बुडेल इतकं पाणी घातलं आणि तिथून पट्टी चिकटवली, शून्य त्या पाण्याच्या रेषेवर. अंगणात, झाडांपासून आणि पागोळ्यांपासून लांब, चिऱ्यांच्या मध्ये ती उभी केली आहे. रोज सकाळी साडेआठला छत्री घेऊन जातात आणि पट्टीवरचा आकडा वहीत लिहितात. साडेआठच का, तर हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ मोजतात. दुसऱ्या दिवशी पेपरात आलेला आकडा आणि आपला आकडा शेजारी शेजारी लिहिलेला असतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की खात्याच्या भाषेत जोरदार पाऊस, २०४.४च्या पुढे गेला की अत्यंत जोरदार. बाबांनी त्याला निळी आणि लाल पेन्सिल ठेवली आहे. आषाढातलं एक पान जवळजवळ सगळं निळं आहे.

आणि त्यातून त्यांनी मला एक गोष्ट समजावली, ती मला फार आवडली. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. आपलं छप्पर १०० चौरस मीटर धरलं तर १०० मिलिमीटरच्या एका दिवसात त्याच्यावर १०,००० लिटर पाणी पडतं. म्हणजे एक टँकर, एका दिवसात, कौलांवरून घरंगळत अंगणात! आणि आपल्याकडे जांभा दगड, पाणी धरत नाही, मार्च उजाडला की विहिरीचा तळ दिसायला लागतो. तेव्हापासून बाबांच्या मनात पन्हळ लावून ते पाणी विहिरीकडे वळवायचं आहे. सुतार आणि प्लंबर दोघं येऊन बघून गेलेत. पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढायची सोय आणि मध्ये वाळू-खडीची गाळणी, एवढं झालं की काम सुरू होईल. जावईबापूंना या कामातलं कळतं, त्यांना वहीचा फोटो पाठवायला सांगितलंय बाबांनी. त्यांचं मत विचारलंय हं, नुसतं दाखवायला नाही.

माझं मे महिन्यातलं काम रातांब्यांचं. आमसुलं तर तू लहानपणापासून बघत आली आहेस. साल सुकवायची, आगळात बुडवायची, पुन्हा सुकवायची, काळीभोर होईपर्यंत. मृगाच्या आत सगळं आवरावं लागतं. यंदा मी बियाही ठेवल्या. शेजारच्या आजींनी बसून दाखवलं. बिया धुऊन कडकडीत वाळवल्या, कांडून टरफलं काढली, आतला गर वाटून पाण्यात उकळत ठेवला. बराच वेळ काहीच होत नाही, नुसतं गढूळ पाणी. मग वर तेल दिसायला लागतं. ते अलगद काढून घेतलं आणि गार झाल्यावर त्याचा पांढरट घट्ट गोळा झाला. तेच आपलं भिरंडेल. चुलीजवळ त्या दिवशी आम्ही दोघी किती वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो. थंडीत टाचांना लावायचं, ओठांना लावायचं. हातावर चोळलं की उबेने विरघळतं. तुझ्यासाठी छोट्या डबीत ठेवलंय. दुकानातल्या क्रीमपेक्षा हे चांगलं असं मी म्हणत नाही, पण आपल्या परसातल्या झाडाचं आहे, आणि ते तुझ्या टाचांना लागावं असं मला वाटतं.

फणसाच्या आठळ्याही लाल मातीत घोळवून ठेवल्या होत्या. मातीतून काढल्या की अजून ताज्या निघतात. पाऊस लागल्यावर कुंपणाच्या कडेने टाकळा उगवला, त्याच्या कोवळ्या पाल्याच्या भाजीत त्या घातल्या. ही भाजी तुला आवडायची नाही. छोटीला मात्र मी टाकळ्याची पानं दाखवणार आहे, कारण संध्याकाळ झाली की ती जोडीजोडीने मिटतात आणि सकाळी उघडतात. मी मुद्दाम दिवेलागणीला जाऊन बघते.

नवरंग पक्षीही आलाय यंदा, आगरात. पोफळींच्या खाली पालापाचोळ्यात किडे शोधत हिंडतो, पहाटे आणि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. पावसाळा संपला की दक्षिणेकडे जाईल.

ताई, तू आम्हाला पुण्याला राहायला बोलावतेस, तुझ्या घरी आम्हाला काही कमी पडणार नाही हे आम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात येऊच, छोटीला सुट्टी असते तेव्हा. पण पावसाळ्यात आम्हाला इथे राहू दे. आम्ही इथे मागे राहिलेले नाही आहोत. बाबा सकाळी साडेआठची वाट बघत उठतात, हे मी त्यांच्या निवृत्तीनंतर पहिल्यांदाच बघते आहे. नोकरी सुटल्यावरची पहिली दोन वर्षं ते कसे गप्प असायचे ते तुला माहीत आहे. मला त्याची फार काळजी वाटायची. आता वहीवरून आमची रोज बोलणी होतात, कधी वादसुद्धा, आणि मला ते हवंसं वाटतं.

गणपतीला तुम्ही येताय हे नक्की ना? गाडीचं आरक्षण झालं असेल. चिपळूणला उतरलात की फोन करा, रिक्षा पाठवते. चतुर्थीला भरती तीनला आहे. गौरी-गणपतीचं विसर्जन अष्टमीला आलं तर संध्याकाळी सहाला भरती, म्हणून आपण जरा लवकर, उजेड असताना आणि पाणी पुरं चढायच्या आत मूर्ती नेऊ. छोटीचा हात कोणी धरायचा ते आधीच ठरवून ठेवू. कार्तिकातल्या पौर्णिमेला रजा मिळाली तर तेव्हाही या. संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला ओहोटी, पाणी खूप लांब जाईल, खाडीत तिसऱ्या काढायला जाऊ.

येताना बाबांना एक लांब स्टीलची पट्टी आण, प्लॅस्टिकच्या पट्टीवरचे आकडे पावसाने पुसायला लागलेत. जुन्या सुती साड्या असतील तर त्याही आण, पुढच्या मे महिन्यात रातांबे वाळवायला लागतील. छोटीला गोड पापा. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई