रूपकाला चारचं कुंपण

मिरज
रविवार, रात्र

प्रिय सुध्या,

फाइल पोचली. चाल दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा लावली तेव्हा आईही येऊन बसली. अंतऱ्यात वहिनी तीव्र मध्यमावर थांबतात ना, तिथे तिने नुसती मान हलवली. झालं तुझं कौतुक. आता शिव्या खा.

पेटी भरायला बसलो, क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, चालू केला आणि दुसऱ्याच ओळीला हात अडखळला. वर बघतो तर मिनिटाला 120 ठोके आणि चार-चार, म्हणजे चार ठोक्यांचा बार. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडल्यावर जे समोर येतं तेच, बोटही न लावलेलं! लेका, सात मात्रांचा रूपक आहे ना हा? क्लिक बंद ठेवून रेकॉर्ड केलंस हे उघडच आहे. तुझा तबला मी घड्याळ लावून मोजला. एक आवर्तन जवळजवळ बरोब्बर पाच सेकंदांचं, म्हणजे मिनिटाला 84 मात्रा.

पण नुसता 84 आकडा टाकून भागणार नाही. चारच्या बारमध्ये सातचं आवर्तन घातलंस तर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आधी पहिल्या ठोक्यावर, मग चौथ्यावर, मग तिसऱ्यावर, मग दुसऱ्यावर. चार आवर्तनं उलटल्यावर कुठे गाडी रुळावर येते. त्यामुळे एखादी ओळ कापून पुढे न्यायची म्हटलं की ती भलतीकडेच चिकटते. तिथे सात-चार लिही. आणि वहिनींच्या आवाजाला लावलेला तो इको प्रोजेक्टच्या लयीवर चालतो, म्हणून 120 च्या हिशोबाने अर्ध्या सेकंदाला परत येतोय. 84 केलंस की 714 मिलिसेकंदांवर जाईल, मात्रेवर बसेल.

थांब, आकडा बदलण्याआधी प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये टाइमबेस ‘टाइम’वर ठेव. नाहीतर रेकॉर्ड झालेला आवाजही लयीबरोबर ताणला जाईल आणि तुझं पाच मिनिटांचं गाणं सात मिनिटांच्या वर जाईल. वहिनी मला फोन करतील, तुला नाही.

क्लिकचं आणखी एक. तो पहिल्या ठोक्यावर मोठ्याने ‘टिक’ करतो, आणि रूपकात समेलाच खाली, म्हणजे बिनजोराची जागा. तबला ‘तिं तिं ना’ म्हणत हळूच उतरतो आणि हा कानात ओरडतो. टिकटिकीचा नमुना बदलता येतो. जोर चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर दे. मला तरी तसं वाजवताना बरं वाटतं.

हसू नकोस, पण सहा मात्रांच्या दादऱ्यात मीही आपटलोय. सहा-आठ लावलं, मात्रा 180 ने चालत होत्या म्हणून 180 लिहिलं. क्लिक 360 ने सुटला! लयीचा आकडा चारच्या भागाचा (पाव नोटेचा) असतो, आठच्या (त्याच्या अर्ध्या नोटेचा) नाही. 90 लिहायला हवं होतं.

आता पट्टी. वहिनींचा सा काळी पाच, म्हणून रीट्यूनमध्ये, आवाज सुरात ओढणाऱ्या त्या प्लगइनमध्ये, तू बी फ्लॅट मेजर निवडलंस. वरवर बरोबर. पण ते मेजर म्हणजे आपला बिलावल, त्यात मध्यम शुद्ध. चाल यमनात, म्हणजे मध्यम तीव्र! म्हणजे जो मध्यम ऐकून आईने मान हलवली, तोच यंत्राला चूक वाटतो आणि ते त्याला शुद्ध मध्यमाकडे नाहीतर पंचमाकडे ओढतं. तिथे पंचमाची पट्टी सांग: पांढरी चार, एफ मेजर. सूर तेच सात, तीव्र मध्यमासकट. सा कुठे आहे हे यंत्राला कळायची गरज नाही, वहिनींना माहीत आहे. खरं तर मी रीट्यून काढूनच टाकेन. त्या सुरात आहेत, आणि गंधारावरून मध्यमावर जाताना जी मींड आहे ती यंत्राच्या जिन्यावरून चढल्यासारखी ऐकू येते.

शेवटच्या धृपदाला तुम्ही दोघं चढत गेलात, 84 वरून साधारण 92 पर्यंत. ते सरळ करू नकोस. तिथे टेम्पोचा एक मार्कर टाक, शेवटाला दुसरा, आणि मधली लय हळूहळू वाढेल असं कर. म्हणजे माझी पेटीही तुमच्याबरोबर धावेल.

एवढं करून फाइल गुरुवारपर्यंत पाठव. शुक्रवारी पेटी दुरुस्तीला जाते आहे. मंद्र सप्तकातली पांढरी तीन भाता दाबला की कण्हायला लागली आहे.

वहिनींना नमस्कार. चिंगीला पापा.

तुझा,
बाळ्या