वायर उपटून शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काकांस,

सादर नमस्कार.

बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्यावर घरी आराम करायचे सोडून आपण पावसाळाभर अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या टॉवेल कारखान्यात येत राहिलात आणि मोबदला म्हणून एका चादरीखेरीज काहीही घेतले नाहीत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र.

आमचे जुने सॉफ्टवेअर बिल एका फाइलमध्ये आणि गोदामाचा साठा दुसऱ्या फाइलमध्ये लिहीत असे. मध्येच वीज गेली की बिल तयार झालेले असे, पण गठ्ठे मात्र कागदोपत्री गोदामातच राहत. गेल्या दिवाळीच्या तोंडावर असेच बारा गठ्ठे आम्ही दोन व्यापाऱ्यांना विकून बसलो होतो.

आपण डीबी२ हा डेटाबेस, म्हणजे माहितीचे तक्ते सांभाळणारे सॉफ्टवेअर, सुचवलात तेव्हा 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' असे मी मनात म्हटले होते, हे आज कबूल करतो. आयबीएम या संगणक कंपनीतल्या एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याचा विचार पुढे आणला आणि १९८३ साली त्याच कंपनीने मेनफ्रेम या मोठ्या संगणकांसाठी डीबी२ आणला, हे आपण भाकरी आणि शेंगाचटणी खाताना सांगितलेत. परंतु माझा विश्वास बसला तो वायरीमुळे. चाचणीच्या संगणकावर बिल निम्मे झालेले असताना आपण भिंतीतला प्लग सरळ उपटलात. मुनीमजींनी डोक्याला हात लावला. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा अर्धवट बिलाचा मागमूस नव्हता आणि गठ्ठ्यांचा आकडाही जसाच्या तसा होता. प्रत्येक बदल मूळ तक्त्यात पक्का होण्याआधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहिला जातो आणि ज्याचे कमिट झाले नाही, म्हणजे जे काम पुरे होऊन पक्के झाले नाही, ते सुरू होतानाच मागे घेतले जाते, हे त्यानंतर समजावून द्यावे लागलेच नाही.

त्याहून मोठा उपकार लॉगच्या मांडणीचा आहे. डीबी२ मुळात तेच लॉग फिरून फिरून वापरतो, त्यामुळे काम चालू असताना बॅकअप घेता येत नाही आणि डिस्कच बिघडल्यास शेवटच्या बॅकअपच्या पुढे जाता येत नाही, हे आपण दाखवलेत आणि जुने लॉग वेगळ्या डिस्कवर साठवण्याची व्यवस्था लावून दिलीत. आता दुपारी तीनला चूक झाली तर पावणेतीनपर्यंतचा हिशेब उभा करता येतो.

खाते नसलेल्या पार्टीचे बिल आता डीबी२च अडवतो, मुनीमजींनी ठरवले तरी ते निघत नाही. त्यांची कुरकुर अजून चालू आहे, ती आपल्या कानावर आली असेलच.

बॅकअप घेऊन ठेवणे पुरेसे नाही, तो उभा राहतो का ते पाहा, असे आपण बजावले होते. त्यासाठी आपण स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद मीटरच्या पेटीशेजारी चिकटवलेला आहे. दर महिन्याला जुन्या संगणकावर बॅकअप उभा करून मुनीमजी त्यावर तारीख टाकतात आणि सही करतात.

आपला ऋणी,
कारखान्याचा चालक, सोलापूर