कोअर मोजले, मेमरीचा पत्ता राहिला

महोदय,

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीतील सर्व्हर-निवडीवरचा लेख वाचला. लेखकाने कोअर (प्रोसेसरमधले गणना करणारे भाग) मोजले, मेमरीचे जीबी मोजले. पण ती मेमरी कोणत्या सॉकेटला (प्रोसेसर बसतो त्या खाचेला) जोडलेली आहे याबद्दल अवाक्षर नाही. डेटाबेस सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याच्या डोक्याला ताप होतो तो नेमका तिथे.

पूर्वी सगळे प्रोसेसर एकाच बसवरून, म्हणजे सामायिक वाटेवरून, मेमरीकडे जात. अंतर सर्वांना सारखे, आणि गर्दीही सर्वांची. एएमडीच्या ऑप्टेरॉनने २००३ मध्ये मेमरीशी देवाणघेवाण सांभाळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच आणला, पुढे नेहालेम या पिढीपासून इंटेलच्या सर्व्हरनीही तीच वाट धरली. तेव्हापासून दोन सॉकेटच्या यंत्रात निम्मी मेमरी आपली, निम्मी शेजाऱ्याची. शेजाऱ्याकडून डेटा आणायला साधारण दीडपट वेळ जातो. लिनक्सवर ही रचना दाखवणारी न्यूमा-सीटीएल ही आज्ञा चालवली की बऱ्याच यंत्रांवर ‘१०’ (आपली मेमरी) आणि ‘२१’ (शेजाऱ्याची) असे अंतराचे आकडे दिसतात. ते फर्मवेअरने (यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरने) सांगितलेले असतात, मोजलेले नव्हेत. २१ पाहून कोणी घाबरू नये.

खरी मेख पुढे आहे. प्रोग्रॅमने मेमरी मागितली म्हणून लिनक्स लगेच पाने (मेमरीचे ठरावीक आकाराचे छोटे तुकडे) देत नाही. पानावर पहिल्यांदा लिहिणारा थ्रेड (प्रोग्रॅममधला स्वतंत्र चालणारा कामाचा धागा) ज्या सॉकेटवर चालू असेल, शक्यतो तिथलेच पान मिळते. सुरुवातीला एकाच थ्रेडने अख्खा ॲरे (डेटाची सलग रांग) शून्यांनी भरला, की सगळी पाने एका बाजूला. मग दोन्ही सॉकेटवर थ्रेड सोडा. एकीकडचे मेमरी चॅनेल (प्रोसेसर आणि मेमरी यांमधल्या वाटा) तुंबतात, दुसरीकडचे रिकामे बसतात, आणि दोष मात्र प्रोसेसरच्या माथी. जो थ्रेड पुढे ज्या भागावर काम करणार, त्यानेच तो भाग भरावा. बरेचदा एवढ्यावर भागते.

एक सॉकेट घेतले म्हणजे सुटलो, असेही नाही. २०१७ च्या पहिल्या एपिकमध्ये (एएमडीच्या सर्व्हर-प्रोसेसरमध्ये) एकाच सॉकेटात चार चिप होत्या, प्रत्येकीची दोन-दोन मेमरी चॅनेल वेगळी, म्हणजे चार नोड (नोड म्हणजे काही कोअर आणि त्यांची जवळची मेमरी). २०१९ च्या पिढीत सगळी आठ चॅनेल मधल्या आय-ओ चिपवर आली आणि ही कटकट बरीचशी मिटली. कोअरही ६४ पर्यंत गेले. एकच मोठा डेटाबेस चालवायचा तर मी आज असे एक सॉकेट घेईन. व्हर्च्युअल मशीनची (एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी यंत्रांची) गोष्ट निराळी. प्रत्येक मशीन एका नोडात मावत असेल तर दोन सॉकेट खुशाल घ्यावीत.

पुढच्या तुलनेत किती चॅनेल भरली होती, आणि चाचणी एका नोडवर बांधून घेतली की मोकळी सोडली, एवढे दोन तपशील कृपया छापावेत.

– एक डेटाबेस व्यवस्थापक