किट येत नाही म्हणे, नवीन सिलेंडरच घ्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालं, एप्रिलचा पहिला आठवडा होता, आणि नांगरटीच्या दुसऱ्याच दिवशी आमचा पलटी नांगर, म्हणजे तासाच्या टोकाला ट्रॅक्टरच्या तेलाच्या दाबानं उलटा होतो तो, धुऱ्यावर अर्धा पलटून तसाच लटकला. लिव्हर दाबा, रेस वाढवा, काही केल्या पलीकडे जाईना, उलट हळूहळू मागं झुकायला लागला. ज्यांच्याकडे हा नांगर आहे त्यांना हे नवीन नाही. पण पुढचे तेरा दिवस जे गेले ते कशापायी गेले हे कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून मी लिहितोय.

कपाशीच्या वावराची उन्हाळी खोल नांगरट ही आमच्याकडे हौस नाही. गुलाबी बोंडअळीचे कोष मातीत राहतात, ते वर आले की उन्हानं मरतात नाहीतर पाखरं त्यांना खातात, कृषी विद्यापीठवाले दरवर्षी सांगतात आणि ते खरंच आहे. जून लागायच्या आत ढेकळं तापून फुटायला पाहिजेत, एप्रिल गेला की कामाची सगळी घाई मे महिन्यावर येऊन पडते.

ज्या दुकानातून नांगर घेतला तिथं पहिले सांगितलं की ट्रॅक्टरचा तेलाला दाब देणारा हायड्रॉलिक पंप गेला असेल. आता पंप म्हणजे मोठा खर्च, पोटात गोळाच आला. मग घरी आल्यावर सुचलं की नांगराचा तेलाचा पाइप ट्रॅक्टरला जिथं जोडतो त्याच कपलरला ट्रॉलीचा जॅक लावून पाहू, तर भरलेली ट्रॉली एका दमात उचलली. म्हणजे पंप बरा, लिव्हर बरी, दोष नांगराच्या सिलेंडरमधेच, म्हणजे तेलाच्या दाबानं रॉड आतबाहेर करून नांगर पलटवते त्या नळीत. परत दुकानात गेलो तर, "याची किट नाही येत भाऊ, सिलेंडरच बदलून टाका." किट म्हणजे आतल्या सीलांचा संच. नवीन सिलेंडर साडेनऊ हजार, तोही हजर नाही, मागवून देतो म्हणाले, आज येईल उद्या येईल करत अकरा दिवस काढले. बाहेर माणूस भाजून काढणारी उन्हं आणि नांगर धुऱ्यावर उभा, भाड्यानं दुसरा पाहावा तर ज्याच्याकडे आहे त्याचंच काम उरकलेलं नाही.

शेवटी शेजारच्या गावच्या एका लेथवाल्या मिस्त्रीकडे सिलेंडर घेऊन गेलो. वय झालेला माणूस, कंपनीचं नाव पण विचारलं नाही त्यानं. म्हणाला, "भाऊ, किटचं नाव कायले पाह्यजे, माप पाह्यजे. आणा तो व्हर्नियर." व्हर्नियर म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी.

खोलायच्या आधी त्यानं एक गोष्ट करून दाखवली ती प्रत्येकानं शिकून घ्यावी. सिलेंडर परत ट्रॅक्टरला जोडून रॉड पूर्ण बाहेर काढला, इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवून प्रेशर सोडलं, मग रॉडकडच्या बाजूचा पाइप सिलेंडरच्या तोंडावरून सोडला. ट्रॅक्टरकडून नुसता कपलर काढून चालत नाही, कपलर आपोआप बंद होतो, काही कळत नाही. मग इंजिन चालू करून, सगळ्यांना बाजूला उभं करून, रॉड बाहेर ढकलायच्या दिशेनंच हळूच लिव्हर दिली. पिस्टनचं सील चांगलं असेल तर उघड्या तोंडातून तेल यायलाच नको. आमच्यातून करंगळीएवढी धार लागली. पाच मिनिटांत निदान झालं, जे अकरा दिवसांत कोणी केलं नव्हतं.

इथं एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कृपया छापताना ही काटू नका. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला 150 ते 200 बार प्रेशर असतं, आमच्या सिलेंडरचा बोअर (नळीचा आतला व्यास) 63 मिलीमीटर म्हणजे 150 बारला साडेचार टनांच्या वर जोर होतो. पाइपला सुईएवढं छिद्र पडलं तर धार डोळ्याला दिसत पण नाही आणि लोक हात फिरवून लीकेज शोधतात. कधीच हात फिरवू नका, लांबून पुठ्ठा फिरवा. ते तेल कातडीतून आत घुसतं, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो आणि मग बोट नाहीतर हात जातो. असं झालं तर त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की प्रेशरचं तेल घुसलंय, कारण त्याला काही तासांच्या आत ऑपरेशनच लागतं. तसंच अडकलेला पिस्टन काढायला कंप्रेसरची हवा मारतात, पिस्टन गोळीसारखा सुटतो, ते पण करू नका.

खोललं तेव्हा तोंडाच्या डस्ट सीलखाली काळ्या मातीचा थर, बोटानं काढला तर लोण्यासारखी मऊ आणि मधे बारीक कच. पिस्टनच्या सीलची कड एका जागी उंदरानं कुरतडल्यासारखी तुटलेली. मिस्त्री म्हणाला घाण तेलातून आली आहे. आणि ते खरं, आम्ही कपलर काढला की तसाच मातीत पडू देतो, टोपी कधीच हरवलेली, लावताना कपड्यानं पुसतही नाही. ती चूक माझी, ती मी मान्य करतो. नशीब की नळीच्या आतून नख फिरवलं तर कुठं अडकलं नाही, अडकलं असतं तर होनिंगला, म्हणजे नळी आतून घासून गुळगुळीत करायला, न्यावं लागलं असतं. रॉडवर एक ओरखडा होता, तो त्यानं बारीक पॉलिश पेपरनं, तेल लावून, गोल फिरवत साफ केला. क्रोम उडालेला असता तर नुसतं नवीन सील टाकून उपयोग नव्हता, महिन्याभरात परत फाटलं असतं.

बोअर 63, रॉड 35, सील बसतं त्या खाचांची रुंदी आणि खोली, एवढं एका चिठ्ठीवर लिहून मी अमरावतीला गेलो आणि सीलच्या दुकानात चिठ्ठी दिली, वीस मिनिटांत सगळे सील आणि ओरिंग हातात, 640 रुपये. "किट येत नाही" ती हीच. बसवताना मिस्त्रीनं सील गरम पाण्यात टाकून नरम केलं, कड प्रेशर येतं त्या बाजूला ठेवली, आणि आट्यांवरून जाताना सील कापू नये म्हणून थंड्याच्या बाटलीचा पत्र्यासारखा तुकडा कापून आट्यांवर गुंडाळला. तेवढ्यासाठी मी त्याचा कायमचा ऋणी आहे. जोडल्यावर वजन न टाकता पाच-सहा वेळा रॉड सावकाश आतबाहेर करून हवा काढली, ट्रॅक्टरचं तेल पाहून भरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नांगर वावरात.

साहेब, अशी औजारं सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून अनुदानावर मिळतात, तपासणीला फोटो लागतो, बिल लागतं, सगळं बरोबर. पण सिलेंडरवर बोअर, रॉड आणि सीलचं माप कोरलेलं पाहिजे अशी अट त्यात काहून नसावी? पत्र्याची एक पट्टी लागते. अनुदानाचं औजार जो विकतो त्यानं नांगरटीच्या हंगामात चार-दोन किट तरी दुकानात ठेवाव्यात, नाही ठेवल्या तर माप तरी सांगावं. आणि आयटीआयमधे मेकॅनिक ट्रॅक्टरचा ट्रेड आहे, तिथल्या पोरांकडून फेब्रुवारीत, हंगामाच्या आधी, कृषी विज्ञान केंद्रात एक दिवस सिलेंडर खोलून-जोडून दाखवायचा कार्यक्रम ठेवला तर शेतकरी स्वतःहून येतील, मी तर पहिला येईन आणि माझा नांगर घेऊन येईन. आमच्या मिस्त्रीसारखी माणसं आता गावागावात राहिली नाहीत, त्याचा पोरगा पुण्याला कंपनीत आहे.

तोपर्यंत मी माझ्या नांगराच्या फ्रेमवर पांढऱ्या ऑइलपेंटनं 63-35 आणि खाचांची मापं लिहून ठेवली आहेत. शेजारच्या दोघांनी पण आपापले सिलेंडर मोजून लिहून घेतले. हंगाम संपल्यावर रॉड पूर्ण आत घेऊन, जेवढा बाहेर राहतो त्याला ग्रीस लावून नांगर शेडमधे ठेवणार आहे, कपलरला टोप्या आणल्या आहेत.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ