फ्रेझियरचा डावा हात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोहम्मद अली आणि जो फ्रेझियर या मुष्टियोद्ध्यांच्या मनिला येथील लढतीला 50 वर्षे झाल्याच्या निमित्ताने आपल्या क्रीडा पुरवणीत आलेला लेख मी आवडीने वाचला. मोहम्मद अलीविषयी त्यात जे लिहिले आहे ते खरे आहे आणि मनापासून लिहिलेले आहे. परंतु त्या लेखात फ्रेझियर येतो तो केवळ अलीकडून मार खाण्यापुरता, आणि मराठीत अलीवर जे काही छापून येते ते गेली चाळीसेक वर्षे जमेल तसे वाचत आलेला माणूस म्हणून सांगतो की, बहुतेक ठिकाणी फ्रेझियरच्या वाट्याला एवढेच येते. 7 नोव्हेंबर 2011 रोजी, वयाच्या 67व्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने तो गेला. त्याच्याविषयी चार शब्द स्वतंत्रपणे लिहिले जावेत, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. आपल्या लेखाने ते लिहिण्याचे निमित्त दिले.

फ्रेझियर दक्षिण कॅरोलायनातल्या ब्यूफोर्टजवळच्या एका गरीब शेतकरी कुटुंबात 12 जानेवारी 1944 रोजी जन्मला. बाराव्या मुलाच्या वाट्याला अशा घरात जे येते तेच त्याच्या वाट्याला आले, म्हणजे लवकर सुरू झालेले काम. त्याचे वडील रुबिन यांनी जोच्या जन्माआधीच एका गोळीबारात डावा हात गमावला होता, त्यामुळे दोन हातांचे कोणतेही काम असले की हा मुलगा त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहून दुसऱ्या हाताचे काम करी. पुढे लहानपणीच एका डुकराने पाठलाग केला असताना तो पडला आणि त्याचा स्वतःचा डावा हात दुखावला. डॉक्टरकडे नेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो हात जसा जुळला तसा जुळला आणि जन्मभर पुरता सरळ झाला नाही. कोपरात वाकलेला तो हात हुक, म्हणजे वाकवलेल्या कोपराने बाजूने घालायचा ठोसा, मारण्याच्या पवित्र्यातच कायमचा राहिला. गोणपाटाच्या पोत्यात चिंध्या, मक्याची कणसे आणि विटा भरून, ते पोते ओकच्या झाडाला टांगून तो त्यावर ठोसे मारत असे. जगातल्या सर्वांत भेदक डाव्या हुकाची तालीम ही अशी झाली, आणि ती कोणत्याही क्लबात किंवा जिमखान्यात झाली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पंधराव्या वर्षी त्याने गाव सोडले आणि न्यूयॉर्कमार्गे तो फिलाडेल्फियाला आला. तेथे कत्तलखान्यात नोकरी करताना शीतगृहात टांगलेल्या गोमांसाच्या अर्ध्या धडांवर तो ठोसे मारत असे. वजन कमी करण्यासाठी पोलिसांच्या क्रीडामंडळाच्या व्यायामशाळेत जाऊ लागला आणि तेथेच प्रशिक्षक यँक डरहॅम यांची नजर त्याच्यावर पडली. हातमोज्यांतून धूर निघाला पाहिजे, असे ते त्याला सांगत, त्यावरूनच ‘स्मोकिन जो’ हे नाव पडले. 1964 च्या ऑलिंपिक निवड चाचणीत तो बस्टर मॅथिसकडून हरला होता. मॅथिसच्या हाताला दुखापत झाली म्हणून राखीव असलेल्या फ्रेझियरला टोकियोला पाठवले गेले. उपांत्य फेरीत सोव्हिएत मुष्टियोद्ध्याला हरवताना त्याच्या डाव्या हाताचा अंगठा मोडला. हे त्याने कोणाला कळू दिले नाही, आणि अंतिम फेरीत जर्मनीच्या हान्स हूबरला 3-2 अशा निसटत्या निकालाने हरवून सुवर्णपदक घेतले. मोडक्या अंगठ्याने मिळालेले ते पदक त्या वर्षी अमेरिकेच्या मुष्टियोद्ध्यांना मिळालेले एकमेव सुवर्णपदक होते.

आता अलीविषयी. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे 1967 साली अलीचे विजेतेपद आणि लढण्याचा परवाना दोन्ही गेले. ते रिकामे झालेले पद भरण्यासाठी जी निवड स्पर्धा घेण्यात आली तिच्यात फ्रेझियर उतरला नाही. त्याने आपल्या मार्गाने 1968 मध्ये त्याच मॅथिसला हरवून न्यूयॉर्क राज्याचे विजेतेपद मिळवले, आणि 16 फेब्रुवारी 1970 रोजी ती निवड स्पर्धा जिंकलेल्या जिमी एलिसला हरवून तो निर्विवाद जगज्जेता झाला. या काळात अली बेरोजगार होता. फ्रेझियरने त्याला पैशांची मदत केली आणि त्याला पुन्हा परवाना मिळावा यासाठी शब्दही टाकला. त्यामागे व्यवहारही असेल, कारण अलीला हरवल्याशिवाय आपल्याला कोणी खरा जगज्जेता मानणार नाही हे फ्रेझियरला कळत होते. पण अडचणीतल्या माणसाला हात दिला ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही. परवाना मिळाल्यावर अलीने त्याला काय म्हटले ते सर्वांना ठाऊक आहे. गोऱ्यांचा हस्तक, अडाणी, आणि मनिलाच्या वेळी तर गोरिला. फ्रेझियरच्या मुलांना शाळेत याचे टोमणे ऐकावे लागले. आपल्या लेखात ही सर्व वाक्ये अलीच्या हजरजबाबीपणाचे नमुने म्हणून आली आहेत. मी अलीचा चाहता आहे, तरीही मला ती तशी वाचवत नाहीत. कापूस आणि भाजीपाल्याच्या शेतात राबून वर आलेल्या काळ्या माणसाला, काळ्या लोकांच्याच नजरेत परका ठरवण्याचे ते बोलणे होते.

8 मार्च 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघे समोरासमोर आले. अलीने 31 लढतींपैकी एकही हरलेली नव्हती, फ्रेझियरने 26 पैकी एकही नाही. प्रत्येकाला 25 लाख डॉलर मिळणार होते. त्या लढतीचे चित्रण मी अनेकदा पाहिले आहे आणि पंधरावी फेरी तर थांबवून थांबवून पाहिली आहे. फेरी सुरू होऊन अर्धे मिनिटही झाले नसेल. अली उजवा हात खालून वर आणण्याच्या तयारीत आहे, त्यासाठी त्याचा उजवा हात हनुवटीपासून दूर गेला आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी फ्रेझियर गुडघ्यांत वाकून, जमिनीपासून जोर घेऊन डावा हुक घालतो. अली पाठीवर पडतो, त्याचे पाय वर जातात आणि पांढऱ्या बुटांवरचे लाल गोंडे हवेत उडतात. तो लगेच उठला, आणि त्या ठोशानंतर उठणे ही अलीची थोरवीच आहे. परंतु पंच आणि दोन्ही परीक्षक, तिघांनीही निकाल फ्रेझियरच्या बाजूने दिला. ज्याची उंची अलीपेक्षा तीन-साडेतीन इंचांनी कमी, ज्याचे हात तोकडे, ज्याला प्रत्येक ठोसा देण्यासाठी आधी दोन-तीन सोसत आत शिरावे लागे, त्याने पंधरा फेऱ्या न थांबता पुढे चालत राहून ही लढत जिंकली. त्यानंतर त्याला रुग्णालयात राहावे लागले. पुढच्याच महिन्यात त्याने दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळासमोर भाषण केले. ज्या राज्यातून तो पंधराव्या वर्षी निघून गेला होता, त्याच राज्याचे ते विधिमंडळ.

पुढचा उतार मी थोडक्यात सांगतो. 22 जानेवारी 1973 रोजी जमैकातील किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले आणि विजेतेपद गेले. त्याच वर्षी डरहॅम वारले. जानेवारी 1974 मध्ये अलीविरुद्धची दुसरी लढत तो गुणांवर हरला.

मनिलाविषयी मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण आपल्या लेखात चौदाव्या फेरीनंतर फ्रेझियरने हार पत्करली असे छापले आहे, आणि ते बरोबर नाही. 1 ऑक्टोबर 1975 ची ती लढत अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी सकाळी ठेवलेली होती आणि सभागृहात असह्य उकाडा होता. फ्रेझियरला डाव्या डोळ्याने कित्येक वर्षांपासून नीट दिसत नव्हते, आणि कारकीर्द संपू नये म्हणून त्याने ते लपवून ठेवले होते. मधल्या फेऱ्या त्याच्या होत्या. बाराव्यापासून अलीच्या ठोशांनी त्याचा उजवा, म्हणजे चांगला डोळा सुजून मिटत गेला, आणि एकदा तो मिटल्यावर अलीचा उजवा हात ज्या बाजूने येत होता त्या बाजूला पाहण्यासाठी फ्रेझियरपाशी फक्त तो अधू डोळा उरला. तरीही तो पंधराव्या फेरीसाठी उठायला निघाला होता. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला खाली बसवले. बस बाळा, आता संपले, तू आज इथे जे केलेस ते कोणी कधी विसरणार नाही, अशा अर्थाचे शब्द त्यांनी उच्चारले आणि लढत थांबवली. फ्रेझियर नको म्हणत होता. गुणांवर अली पुढे होता, हे मला मान्य आहे, आणि शेवटच्या फेरीने निकाल बदलला असता असे मी म्हणत नाही. फच यांनी रिंगणात मुष्टियोद्ध्यांचे प्राण जाताना पाहिले होते. आपल्याकडे कुस्तीत वस्ताद शब्द टाकतो आणि पठ्ठ्या ऐकतो, त्यातलाच हा प्रकार आहे. निर्णय वस्तादाचा होता, म्हणून फ्रेझियरने हार पत्करली असे लिहू नये, एवढीच माझी विनंती आहे. स्वतः अलीने त्या लढतीविषयी, मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असे सांगितले होते.

1976 मध्ये फोरमनकडून पुन्हा हरल्यावर फ्रेझियरने निवृत्ती घेतली. 1981 मध्ये तो एकदा परतला आणि ती लढत बरोबरीत सुटली. एकूण 37 लढतींपैकी 32 विजय, त्यांतले 27 नॉकआउटने, एक बरोबरी आणि चार पराभव. हे चारही पराभव केवळ दोन माणसांकडून झाले, अली आणि फोरमन. तिसऱ्या कोणालाही त्याला हरवता आले नाही.

त्याच्या मनातली अढी लवकर गेली नाही, हेही लिहिले पाहिजे. 1996 मध्ये थरथरत्या हाताने अटलांटाची ऑलिंपिक ज्योत पेटवणाऱ्या अलीविषयी तो जे बोलला ते कठोर होते आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. 2001 साली अलीने आपल्या जुन्या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

निवृत्तीनंतर फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवरील आपल्या व्यायामशाळेत फ्रेझियर वस्तीतल्या मुलांना शिकवत असे, आणि उतारवयात बरीच वर्षे तिच्याच वरच्या मजल्यावर राहत असे. ती 2008 साली बंद पडली आणि तेथे फर्निचरचे दुकान आले. त्या शहरात चित्रपटातल्या रॉकी या काल्पनिक बॉक्सरचा पुतळा कितीतरी आधीपासून उभा आहे, आणि कत्तलखान्यातल्या मांसावर ठोसे मारण्याचे दृश्य त्याच्या नावाने जगभर ओळखले जाते. ज्याने ते खरोखर केले त्याचा पुतळा तेथे 2015 साली बसला, म्हणजे तो गेल्यानंतर चार वर्षांनी. शिल्पकाराने त्यासाठी 1971 च्या पंधराव्या फेरीतला, अली नुकताच खाली पडल्यानंतरचा क्षण निवडला आहे.

फ्रेझियरच्या अंत्यविधीला अली आला होता. कंपवाताने तो तेव्हा पार थकलेला होता, बोलणे जवळजवळ बंद झालेले होते. जमलेल्या लोकांना उभे राहून जो फ्रेझियरला मानवंदना द्यायला सांगितले गेले, तेव्हा अलीही आधार घेऊन उठला आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

आपला,
एक जुना वाचक, मिरज