‘ट्रॉकन’ म्हणजे फक्त ‘कोरडा’ नव्हे

महोदय,

महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. नाशिकहून तिकडे जाऊ पाहणाऱ्या नर्सिंगच्या मुलामुलींनी ‘ट्रॉकन’ या जर्मन विशेषणापुढे वहीत ‘कोरडा’ एवढेच लिहून थांबू नये.

कोरडा खोकला ‘ट्रॉकनर हूस्टन’, कोरडी त्वचा ‘ट्रॉकने हाउट’. इथवर मराठी साथ देते. सोबत काही नसलेला नुसता पाव ‘ट्रॉकनेस ब्रोट’. भाकरीसोबत ‘कोरड्यास काय?’ विचारणाऱ्यांना हे सांगायला नको. पण रुग्णाबद्दल ‘एर इस्ट झाइट फ्युन्फ यारन ट्रॉकन’ असे ऐकले, तर त्याची दारू सुटून पाच वर्षे झाली, असा अर्थ. अंगातले पाणी कमी झालेल्यासाठी ‘डेहिड्रीर्ट’ हा शब्द आहे. ही गफलत गंभीर आहे, कारण दारू सोडलेल्या रुग्णाला औषधाचे अल्कोहोलयुक्त थेंब देण्याआधी डॉक्टरांना विचारावेच लागते.

व्याकरणात मराठी माणूस हमखास एका जागी अडखळतो. आपण ‘खोकला कोरडा आहे’, ‘त्वचा कोरडी आहे’ म्हणतो. जर्मनमध्ये नामाच्या आधी आलेल्या विशेषणाला प्रत्यय लागतो, पण ‘आहे’च्या वाक्यात विशेषण बदलत नाही : ‘डेर हूस्टन इस्ट ट्रॉकन’, ‘डी हाउट इस्ट ट्रॉकन’. इथे ‘ट्रॉकनर’ म्हटले तर ‘अधिक कोरडा’ असा अर्थ होतो. लिंगही मराठीवरून धरू नये. तोंड आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे ‘मुंड’ पुल्लिंगी. म्हणून ‘ट्रॉकनर मुंड’.

नाशिकच्या वाईन व्यवसायातल्यांसाठीही हा शब्द महत्त्वाचा. युरोपीय संघाच्या नियमानुसार साध्या वाईनवर ‘ट्रॉकन’ लिहायचे तर लिटरमागे साखर ४ ग्रॅमपर्यंत हवी. आम्लता साखरेपेक्षा २ ग्रॅमहून अधिक कमी नसेल, तर मर्यादा ९ ग्रॅम. म्हणजे साखर ८ असेल तर आम्लता निदान ६ लागते. ‘झेक्ट’ या फेसाळत्या वाईनवर मात्र हाच शब्द १७ ते ३२ ग्रॅम साखर सांगतो, म्हणजे चांगलीच गोडसर. कमी गोड हवी असेल तर तिथे ‘ब्रुट’ शोधावे. त्यात साखर १२ ग्रॅमहून कमी असते.

बेदाण्याला तर ‘ट्रॉकन’ लावूच नये. वाळवलेले ते ‘गेट्रॉक्नेट’, आणि बेदाण्यांना सरळ ‘रोझीनन’ म्हणतात.

— एक जर्मन शिक्षक, गंगापूर रोड, नाशिक