गिगु तुटली, नंदे

नागपूर, २२ जून

नंदे,

चार महिने झाले, एक ओळ लिहिली नाही. कारणं देत बसत नाही, कारण ती तुला पाठ आहेत. माझं बरं आहे, गुडघा आहे तसाच आहे, आईची साखर आटोक्यात आहे.

तू बाल्कनीचा फोटो पाठवलास, मागे गुलमोहर आणि पुढे आपल्या लाकडी ठशाने छापलेल्या तिबेटी प्रार्थना-पताकांची माळ. किती छान उडतेय ती! दुसरी पिवळी पताका अगदी सपाट उघडलेली दिसली म्हणून फोटो मोठा केला. मधल्या घोड्याचा छाप स्वच्छ आहे. वाघ, गरुड, ड्रॅगन, हिमसिंह, चारही कोपरे स्वच्छ आहेत. मग सवयीने वरची 'ओम् मणि पद्मे हूँ'ची ओळ वाचली. नंदे, डावीकडून चौथ्या 'मणि'वर गिगु, तिबेटी अक्षराच्या डोक्यावरची इकाराची कमान, नाही. तिथे 'मण' छापलंय.

हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणेल, एक वेलांटी गेली तर एवढं काय. तू म्हणणार नाहीस, म्हणून लिहितेय. वाऱ्याने मणी वाटत फिरायचं, तर आपण त्याच्या पाठीवर मण लादला, असं तू म्हणशील. म्हण. पण आधी पूर्ण ऐक.

घरातल्या सगळ्या पताका रात्रीच काढून पाहिल्या. यंदा एकूण १८० छापल्या होत्या. हिशोब तुला माहीतच आहे. ४४ इंच पन्ह्याच्या मीटरभर कापडात आडव्या चार आणि उभ्या तीन, म्हणजे १२ बसतात (१२ इंच अंग, एक इंच नेफा). रंगागणिक तीन मीटर घेतलं, म्हणजे एका रंगाच्या ३६. दहा-दहाच्या १८ माळा झाल्या. निळ्या, पांढऱ्या आणि तांबड्या सगळ्या बरोबर निघाल्या. हिरव्यांतल्या काही बरोबर, काही चुकलेल्या; घरातल्यांच्या प्रमाणावरून सगळ्या मिळून पहिल्या २० बरोबर आणि पुढच्या १६ चुकलेल्या असाव्यात. पिवळ्या त्यानंतरच्या, म्हणून ३६ च्या ३६ चुकलेल्या. म्हणजे साधारण एकविसाव्या हिरवीच्या आधी ठशावरचा गिगुचा कण उडाला आणि त्यानंतरच्या ५२ पताका तशाच छापल्या गेल्या.

आता वाईट बघ. माळेत रंग क्रमाने लागतात, निळा, पांढरा, तांबडा, हिरवा, पिवळा. आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. दहाच्या माळेत पिवळ्या दोन येतातच. छापताना पाच पाचचे संच केले असते तर चूक शेवटच्या काही माळांतच राहिली असती. मी रंगाच्या गठ्ठ्याने छापलं, म्हणून ती अठराही माळांमध्ये वाटली गेली. कापड गठ्ठ्याने फाडलेलं असतं, तसंच उचलून छापायला हात सोकावतो. शिवाय गडद निळ्यावर आणि तांबड्यावर काळी शाई नीट वाचता येत नाही. डोळ्याला खरी दिसते ती पांढऱ्यावर आणि पिवळ्यावर. पांढरं चुकीच्या आधी संपलं होतं, आणि पिवळं येईतो वाचणं बंद पडलं होतं. यापुढे संचानेच छापायचं, आणि दर २० छापांमागे एक छाप वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर घेऊन मूळ मजकुराशी अक्षर अक्षर लावून बघायचा. भिंतीवर लिहून ठेवलंय.

कण का तुटला, हा प्रश्न मला दोन दिवस सोडत नाही. ठसा भिंगाखाली धरून पाहिला. गिगुची रेघ पाऊण मिलिमीटर जेमतेम. अक्षराच्या डोक्यावर ती एका बिंदूत टेकलेली असते, बाकी सगळी अधांतरी. आपल्या फळीचे रेषे आडवे जातात. त्यामुळे कमानीचा आडवा भाग रेषांबरोबर जातो आणि टिकतो, पण वळून खाली येतो तो भाग रेषांना आडवा कापतो. तिथे लाकूड नुसतं एकमेकाला चिकटून उभं असतं, गुंफलेलं नसतं. तिथूनच गेलंय. शिवाय ही ओळ काठाची, आणि रोळ ठशावर चढतो आणि उतरतो तेव्हा काठावरच सगळ्यात जास्त दाबतो. तिसरं कारण टूथब्रश. 'पद्मे'तला जोड आणि 'हूँ'चा मजला शाईने भरतोच, दर पंधरा-वीस छापांनी रॉकेलचा ब्रश मारावा लागतो. तो उभा, टोकाटोकाने मारायचा असतो, आडवा ओढला की असलं काही तुटतं.

आणि चौथं कारण, ज्यावरून आपण गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतल्या त्या ओसरीवर दोन तास भांडलो होतो. वरच्या तीन ओळी तू कोरल्यास. तुझ्या रेघांच्या कडा उभ्या आहेत, अगदी भिंतीसारख्या. मी म्हणत होते की कडेला उतार ठेव, पायाशी रुंद आणि माथ्याशी बारीक, म्हणजे रेघेला टेकू मिळतो. तू म्हणत होतीस की उतार ठेवला तर ठसा झिजेल तशी रेघ जाड होत जाते आणि अक्षराची पोटं बुजतात. आता सहा वर्षांनी सांगते, तुझं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या खालच्या ओळी जाड झाल्यात, दोन ठिकाणी पोट भरतं. पण तुझ्या ओळीतली गिगु गेली. मला वाटतं, अक्षराच्या अंगाला कडा उभी चालेल, पण जे एकटं उभं आहे, गिगु असो की 'मे'वरची मात्रा असो की 'ओम्'वरचा टिंब, त्याला उतार हवाच. निदान एवढं तरी मान्य कर.

न आणि ण चं भांडण मात्र मी काढणार नाही. काढतेच. तिबेटी लिपीत संस्कृतचा ण लिहायला त्यांचा न आरशात बघावा तसा उलटा काढतात. ठशावर सगळंच उलटं कोरायचं असतं, म्हणून ठशावरचा ण डोळ्याला सरळ न दिसतो. कागद पालथा चिकटवून, पाठ बोटाने चोळून पातळ करून, वर तेलाचा हात फिरवून अक्षरं वर आणली होती. एवढं सगळं बरोबर असताना तू ते अक्षर बघितलंस आणि 'हे सरळ कसं राहिलं' म्हणून पेन्सिलीने उलटवून टाकलंस. सरावाच्या लिनोवर (कोरायच्या मऊ लिनोलियमवर) पाचही ठिकाणी 'मनि' आलं. पाणीला पानी म्हटलं की तुझी आई कशी बघायची, तसे गोठणगावचे पोला (तिबेटी आजोबा) बघत होते! बरं झालं ते लिनोवरच निभावलं. लाकडावर कोरणाऱ्याने ओळीतलं एकेक अक्षर 'सरळ दिसतंय की उलटं' असं तपासायचंच नाही, चिकटवलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा.

दुरुस्तीचं ठरवलंय, पण तुझ्या परवानगीशिवाय पटाशी लावणार नाही, ओळ तुझी आहे. नुसती गिगु डकवता येणार नाही, एवढ्याशा कणाला डिंक धरत नाही. पूर्ण 'णि' काढायचा. सहा मिलिमीटरच्या पटाशीने आठ बाय आठचा चौकोन, सहा मिलिमीटर खोल. शेजारचे 'म' आणि 'पद्मे' वाचतील एवढंच. त्यात हळदूच्या लाकडाचीच गुल्ली ठोकायची, तळाशी किंचित निमुळती, म्हणजे ठोकताना कडा आपोआप घट्ट बसतात. रेषे ठशाच्या रेषांच्याच दिशेने, नाहीतर पावसाळ्यात दोन लाकडं दोन बाजूंना फुगतात आणि सांध्याची रेघ छापात उमटते. पाण्याला दाद न देणारं फेविकॉल, २४ तास दाब, एक मिलिमीटर वर राहू द्यायची आणि मग पटाशीने सपाट आणायची. जपानी ठसेवाले यालाच उमेकी म्हणतात. पूर्व तिबेटातला देर्गेचा छापखाना १७२९ सालचा, लाकडी ठशांवर छापणारा. दोन लाखांहून जास्त ठसे आहेत तिथे, आणि अजून दोघं समोरासमोर बसून हाताने छापतात. आपला एक ठसा सहा वर्षांत हलला तर तो टाकून द्यायचा नाही, एवढं मला तिथल्या माणसांकडे बघून कळतं.

अडचण एकच, नवा 'णि' तुझ्याच हातचा हवा. माझं अक्षर तिथे परकं दिसेल. तुझा तो बटर पेपर आहे ना अजून? त्यातल्या कुठल्याही एका 'णि'चा फोटो पट्टी शेजारी ठेवून पाठव, म्हणजे माप चुकणार नाही.

राहिल्या त्या ५२ पताका. जाळाव्यात असं पहिल्यांदा वाटलं. जुन्या झालेल्या जाळतात, जमिनीवर टाकत नाहीत, हे ठीकच. पण या जुन्या नाहीत, यांच्यात एक खूण कमी आहे. म्हणून फक्त गिगुचा शिक्का केला. लिनोचा चार मिलिमीटरचा तुकडा पेन्सिलीच्या मागच्या टोकाला चिकटवलाय. खोडरबरावर आधी केला होता, पण तेलाच्या शाईने आणि रॉकेलने तो दोन दिवसांत चिकट झाला. घरातल्या सात माळा काल पूर्ण केल्या. बाहेर अकरा आहेत. मंदाताईंकडच्या तीन आणि शरदकडच्या चार मी स्वतः जाऊन करून येईन. प्रमोदने त्याची लडाखच्या खारदुंग ला खिंडीत बांधली, ती आता वाऱ्याची. पोलांकडे दोन आहेत, आणि तेच मला खुपतंय. ते १९७२ साली वसाहतीबरोबर गोठणगावला आले, तेव्हापासून लोसरला, तिबेटी नववर्षाला, दोरी तेच चढवतात. चढवताना त्यांनी ओळ वाचली असणारच. मला काहीच बोलले नाहीत. रविवारी जाते, सोबत शिक्का, शाई आणि चिवडा.

तुझा शिक्का या पत्रासोबत आहे. शाई कुंकवाच्या करंड्यात आहे, जवसाच्या तेलातली काजळी. वर प्लास्टिकचा चकतीएवढा तुकडा दाबलाय, तो काढ. खाली साय धरली असेल तर सगळी उचलून टाक, ढवळू नकोस, नाहीतर गुठळ्या छापात येतात. पाऊस उघडलेला दिवस बघून माळ उतरव. टेबलावर धुतलेली चादर घाल, जमिनीवर ठेवू नकोस. पिवळ्या दोन नक्की चुकलेल्या आहेत, हिरव्या दोन्ही वाचून बघ. कापड मऊ कोरड्या ब्रशने झाड, उलट्या बाजूने हलकी इस्त्री फिरव, खाली वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या ठेव. शाई ताटलीच्या पाठीवर बोटाने पातळ पसर, एवढी पातळ की बोट उचलताना चट् असा आवाज येऊ नये. आवाज आला तर शाई जास्त आहे आणि कमानीचं पोट बुजेल. शिक्का थोपट, चिंधीवर पाच वेळा उमटवून बघ. अक्षराभोवती तेलाची कडा दिसली तर शाईत चिमूटभर टाल्कम पावडर मळ. पेन्सिलीवर बाण काढलाय, तो नेफ्याकडे ठेव. अक्षराच्या डोक्याला जेमतेम टेकव, अंगठ्याने सरळ दाब, पाच मोज, न डुलवता वर उचल. तुमच्याकडच्या हवेत वाळायला आठवडा धर, तोवर घडी घालू नकोस.

बाकीची अक्षरं ऊन-वाऱ्याने करडी झालीत, ही एकच काळीभोर दिसेल. दिसू दे. लोसरपर्यंत तीही त्यांच्यासारखी होईल.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? ईशाने विज्ञान घेतलं की तुझं ऐकून वाणिज्य? नवं घर कधी ताब्यात येतंय? सगळं सविस्तर लिही, फोनवर तू घाई करतेस. आणि ठशावर माझी खालची ओळ बुजलीय, ती मोकळी करायला दिवाळीत येशील तेव्हा तुझी ती अरुंद गोल पटाशी घेऊन ये, माझ्याकडच्या सगळ्या रुंद आहेत.

बटर पेपर विसरू नकोस.

तुझी,
सुमा